द्रोणागिरीकडचा हिरवा दिवा

१. हळदीची दुपार

ऋषी फणसे लोखंडी जिन्याखाली मरून पडला होता, तेव्हा त्याच गल्लीत चार घरं सोडून मी एका मुलाच्या स्वभावाची बेरीज-वजाबाकी करत बसले होते.

सानपाड्यात माझ्या दारावर ‘नंदिनी कारखानीस, कौटुंबिक सल्लागार’ अशी पाटी आहे. सल्ला मी आजवर कुणालाही दिलेला नाही. मुलीच्या बापाने मुलाचं नाव-गाव द्यायचं आणि तो कागदावर दिसतो तसाच जमिनीवर आहे का, ते मी बघून यायचं, एवढाच धंदा. उलव्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या प्रियासाठी शिरवण्याचं स्थळ माझ्याकडे दिलं होतं. हितेश भोपी. वडील धर्मराज, आई सुमित्राबाई, गावातलं जुनं आगरी घर, भाड्याच्या खोल्या, पाण्याचे टँकर.

मी मुद्दाम गावातल्या कुणाच्या तरी हळदीचा दिवस निवडला. आगरी हळदीच्या मांडवात डीजे असा वाजतो की बोलायचं ते कानाला तोंड लावूनच बोलावं लागतं, आणि कानात सांगताना माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो. भाड्याने घर शोधणारी बाई म्हणून मी बसले आणि हितेशचा हिशेब गोळा केला. जमा बाजू भरभक्कम होती: पीत नाही, आईवर आवाज चढवत नाही, उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीला टँकर पुरवतो. नावे बाजूला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. राग. त्याच सकाळी तो ऋषी फणसे नावाच्या इंजिनिअरशी चारचौघांत भांडला होता.

भोप्यांच्या गच्चीवर एक खोली होती. ती एका इंटरनेट कंपनीने भाड्याने घेतली होती आणि आत फायबरची मशिनं ठेवली होती. हितेशला लग्नाआधी गच्चीवर मजला चढवायचा होता, म्हणून खोली रिकामी हवी होती. ऋषी म्हणत होता, द्रोणागिरीचं एक नवं सर्किट चालू होऊ दे, मग बघू. भांडण तेवढंच. पण शेवटचं वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होतं: “मग मर तिकडंच तुझ्या मशिनीसोबत.”

दुपार कलायला लागली तेव्हा सुमित्राबाई माझ्यापाशी आल्या. घर बघायचंय ना, चला, दाखवते, माझा पोऱ्यापन जेवला नाय, त्याला ताट वाढते. आम्ही मागच्या बोळातून निघालो, कारण पुढचा रस्ता नाचणाऱ्यांनी भरला होता.

बोळात आधी चप्पल दिसली. मग जिन्याच्या शेवटच्या पायरीला टेकलेलं डोकं. सुमित्राबाईंनी “ऋषी” म्हटलं, ते विचारल्यासारखं. ओरडल्या त्या नंतर. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून शेंगदाण्याएवढं पांढरं रबरी टोपण दिसत होतं.

मी वर बघितलं. जिन्याच्या टोकाला हितेश भोपी उभा होता. तो खाली येत नव्हता, आत जात नव्हता, नुसता बघत होता.

२. देवघराचं बटण

पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. भांडण झालेलं, घरात तो एकटा, वरून तोच खाली बघतोय. ऋषीच्या मनगटावर झटापटीची खूण होती. टाकीतलं पाणी बघायला आतल्या जिन्याने वर गेलो होतो, हे हितेशचं म्हणणं कुणी लिहून घेतलं असेल तर उपकार म्हणून. गच्चीवरच्या खोलीला सील लागलं आणि हितेश कोठडीत गेला.

प्रियाच्या वडिलांनी मला फोनवर सांगितलं की आता चौकशी पुरे, हे स्थळ संपलं. मी फाइल मिटली. दोन-तीन दिवसांत सुमित्राबाई सानपाड्याला माझ्या दारात उभ्या राहिल्या. पाटी त्यांनी नीट वाचली असावी.

“तुमी घर बगायला नव्हत्या आल्या,” त्या म्हणाल्या. “माजा पोऱ्या बगायला आल्या होत्या. मंग अर्धी चौकशी करून कशा गेल्या? पुरी करा.”

मी खोटेपणात पकडली गेले की फार नम्र होते. मी त्यांच्याबरोबर शिरवण्याला गेले.

घर थंड होतं, आणि ऋषी तिथे जागोजागी होता. स्वयंपाकघरातल्या बटणांखाली पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, बारीक, टपोऱ्या अक्षरांतल्या. पंखा. फ्रीज. ओटा. देव्हाऱ्याच्या दिव्याच्या बटणाखाली ‘देवघर’. सुमित्राबाई नेहमी चुकीचं बटण दाबायच्या, म्हणून एका दुपारी चहाच्या बदल्यात त्याने सगळ्या घराला नावं दिली होती. लोणच्याच्या बरण्यांनासुद्धा. त्याचं म्हणणं, नाव नसलेली वस्तू म्हणजे हरवायच्या बेतात असलेली वस्तू. त्या मेलेल्या हाताचं अक्षर वाचूनच आता घरात उजेड करावा लागत होता.

त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. दारावर आकड्यांचं कुलूप होतं, त्यावर पोलिसांचं सील. बाजूला एक जाड काचेची खिडकी. आत मशिनं गुणगुणत होती, पंखे सुटल्यासारखा एकसुरी आवाज. अंधारात दिवे लुकलुकत होते.

“त्यो दिवा बगा, खालचा,” त्या कुजबुजल्या. “हिरवा. त्याच्याखाली पट्टी हाय, द्रोणागिरीकडे. ऋषीनं सांगितलेलं मला. हिरवा म्हंजे पलीकडून कोनतरी बोलतंय. लाल म्हंजे पलीकडं कोनी नाय. त्यो मरायच्या सकाळपातुर लालच होता. मी रोज तुलशीला पानी घालताना बगते. त्यो मेला, नि दुसऱ्या दिवशी बगते तं हिरवा.”

त्यांनी पदर तोंडावर धरला.

“बाई, खोलीत कोनी गेला नाय, आला नाय. मंग पलीकडून कोन बोलतंय?”

३. ‘शिरवणे’

कंपनीचं ऑफिस माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, सानपाडा स्टेशनसमोरच्या इमारतीत. पोलीस उपनिरीक्षक भगवान शेलारांनी मला तिथे बोलायची मोकळीक दिली. त्यांच्या मेहुणीचं एक स्थळ मी ऐनवेळी मोडलं होतं. तो मुलगा पुढे वर्तमानपत्रात आला. तेव्हापासून शेलार मला चहा पाजतात आणि फार प्रश्न विचारत नाहीत.

प्रोजेक्टचे प्रमुख जयप्रकाश दिघे हे गुळगुळीत गृहस्थ. प्रत्येक वाक्याआधी खेद व्यक्त करायचे आणि प्रत्येक वाक्यात ऋषीवर थोडं थोडं टाकायचे. ऋषी त्या दिवशी दुपारनंतर रजेवर होता. मग शिरवण्याला पुन्हा कशाला गेला? आम्हालाही कळत नाही. शेवटी शेवटी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

काम काय होतं, ते त्यांनी मला समजावलं. सानपाड्याहून निघालेला प्रकाश फायबरमधून शिरवण्याच्या मशिनमध्ये येतो आणि तिथून पुढे द्रोणागिरीला जातो. द्रोणागिरीला एका शीतगृहाला हे इथरनेट सर्किट द्यायचं होतं. सर्किट देण्याआधी त्याची परीक्षा घेतात. एक माणूस टोकाला, म्हणजे द्रोणागिरीच्या मशिनपाशी जातो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तोंडांना एकच पिवळी वायर वळवून जोडतो. ह्याला लूप म्हणतात. मग सानपाड्याहून जे पाठवाल ते द्रोणागिरीपर्यंत जाऊन तसंच्या तसं परत येतं. पाठवलेलं आणि आलेलं जुळलं की सर्किट पास.

आपणच पाठवायचं, आपणच घ्यायचं आणि रक्कम जुळली म्हणून खूश व्हायचं, ही पद्धत मला आवडली. माझ्या धंद्यात तिला वेगळं नाव आहे.

त्या दुपारी लूप लावायला पार्थ डबके गेला होता. पार्थने द्रोणागिरीहून मोबाइल केला, लूप लावला म्हणून. सानपाड्यात जयप्रकाश आणि अख्खं ऑफिस पडद्यासमोर बसलं. संध्याकाळपर्यंत परीक्षा चालली, एकही चूक नाही. लूप हलला असता तर पडदा लाल झाला असता. म्हणजे ऋषी पडला तेव्हा जयप्रकाश साऱ्यांच्या नजरेसमोर होते आणि पार्थ तिकडे खाडीपलीकडे उरणच्या वाटेवर. ऑफिसातल्या दोघांचे हिशेब स्वच्छ होते. इतके स्वच्छ हिशेब बघितले की मला पहिल्यापासून पुन्हा बेरीज करावीशी वाटते.

पार्थला बोलावलं. हाताने काम करणारा देखणा मुलगा, पण डोळ्यांखाली काळं. त्याचं एकच मागणं होतं: ऋषीच्या खोलीत पाच मिनिटं जाऊ द्या. एक फूल ठेवीन, बस. पोलिसांना त्याने दोनदा विचारलं होतं, सुमित्राबाईंना एकदा. इतका जीव मित्रावर. त्याचा निळा शर्ट कंपनीचा होता. खिशाची शिवण काळ्या दोऱ्याने घातलेली होती, आणि ती घालणाऱ्याला शिवता येत नव्हतं.

मी दिव्याचं विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. जयप्रकाश म्हणाले, सर्किट पास झालं, म्हणून हिरवा. त्यात काय.

मी निघताना पडद्यावर लक्ष ठेवणारी अबोली माझ्या मागे लिफ्टपर्यंत आली. तिने जागा बदलून मागितली होती. त्या पडद्यासमोर तिला बसायचं नव्हतं.

प्रत्येक मशिन प्रकाशाबरोबर आपलं नावही पुढे पाठवतं, तिने सांगितलं. पलीकडचं मशिन ते वाचू शकतं, म्हणजे फायबर चुकीच्या दारात गेली तर कळतं. पण ती नावं भरत बसायला कुणाला वेळ नसतो, न भरताही सर्किट चालतं. एकटा ऋषी प्रत्येक मशिनमध्ये नाव भरायचा. सगळे त्याला बारशाचा भटजी म्हणायचे.

“त्याची आठवण आली म्हणून मी शिरवण्याच्या मशिनला विचारलं,” अबोली म्हणाली. “द्रोणागिरीच्या बाजूने कोण बोलतंय? ‘द्रोणागिरी’ यायला हवं. तर नाव आलं ‘शिरवणे’. मी परत विचारलं. परत ‘शिरवणे’. मॅडम, तो जिथे गेला त्याच जागेचं नाव. सर म्हणतात, त्यानेच द्रोणागिरीच्या मशिनमध्ये चुकीचं नाव भरलं असेल.”

लिफ्ट आली. ती आत शिरली नाही.

“ऋषी नाव चुकेल?” ती म्हणाली. “त्याने माझ्या डब्यालासुद्धा पट्टी लावली होती.”

४. दुसरं टोक

द्रोणागिरीला मला पार्थच घेऊन गेला. मी जयप्रकाशना म्हटलं, मुलीकडच्यांना अहवाल द्यायचाय, सगळ्या जागा बघितल्या असं लिहावं लागतं. स्थळं बघत फिरणाऱ्या बाईला मशिनमधलं काय कळणार, हा हिशेब त्यांनी लगेच मांडला. पार्थनेही तोच मांडला असावा, कारण वाटेत तो मला फ्लॅटचे भाव सांगत होता.

कंटेनरचे ट्रेलर रांगेत उभे होते. ते मागे पडले आणि मोकळे प्लॉट सुरू झाले. आखलेले रस्ते, घरांचा पत्ता नाही. एका टोकाला शीतगृह, आणि त्याच्या अलीकडे खारफुटीला पाठ लावून एक पत्र्याची केबिन. पहारेकरी नाही, शेजार नाही. भर दुपारी तिथे असं वाटत होतं की कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

केबिन उघडली. आत तीच गुणगुण, शिरवण्याच्या खोलीतली. मशिनच्या कपाळावर ऋषीची पट्टी: द्रोणागिरी. खाली एका दिव्यापाशी दुसरी पट्टी: शिरवणेकडे.

त्या पट्टीपाशी लाल दिवा जळत होता.

मी बराच वेळ तो बघत राहिले. शिरवण्याला ‘द्रोणागिरीकडे’ दिवा हिरवा. इथे ‘शिरवणेकडे’ दिवा लाल. शिरवणं म्हणत होतं की पलीकडून मला आवाज येतोय. पलीकडचं टोक म्हणत होतं, मला कुणाचाच आवाज येत नाही, आपल्यामध्ये काही चालूच नाही.

“लाल का?” मी विचारलं.

“स्टँडबाय, मॅडम. टेन्शन नाही.” तो हसला. “लाल-हिरव्याला तसा काय अर्थ नसतो.”

माझ्या धंद्यात एक गोष्ट वारंवार होते. मुलाकडचे एक शेजाऱ्याचा नंबर देतात, आमच्याबद्दल त्यांनाच विचारा म्हणतात. मी फोन लावते. शेजारी मुलाची स्तुती करतो, आणि ती मुलाच्या आईने केली होती अगदी त्याच शब्दांत. तेव्हा मला कळतं की हा शेजारी त्याच घरात, त्याच सोफ्यावर बसलेला मामा आहे. फोन उंबरठ्याबाहेर गेलेलाच नसतो.

शिरवण्याच्या मशिनला विचारलं होतं, पलीकडे कोण आहे. त्याने स्वतःचंच नाव सांगितलं.

वाऱ्याने केबिनचं दार आपटलं आणि आत अंधार झाला. त्या लाल ठिपक्याच्या उजेडात पार्थ माझ्या आणि दाराच्या मध्ये उभा होता. तो हसत नव्हता.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही त्या खोलीपाशी जाता ना. तुम्हाला ऐकू येतं का काही? मला इथेसुद्धा येतं. पंख्यांमध्ये. तो मला नाव विचारतो.”

“काय सांगतोस मग?”

दार त्यानेच उघडलं, आणि परतीच्या वाटेवर फ्लॅटच्या भावांचा विषय निघाला नाही.

५. बिनपट्टीची वायर

शेलारांना मी एवढंच म्हटलं की सील काढा, आणि ह्या माणसांना बोलवा. सकाळी गच्चीवर आम्ही सगळे जमलो: शेलार, जयप्रकाश लॅपटॉपसह, पार्थ, आणि तुळशीपाशी सुमित्राबाई. पार्थने शेवंतीचं एक फूल आणलं होतं. दार उघडताच तो पुढे झाला.

“फूल मी ठेवते,” म्हणत मी ते त्याच्या हातातून घेतलं.

आत पिवळ्या वायरींचं जाळं होतं. पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी ते बघितलं होतं. शेलार म्हणाले, सगळ्या सारख्याच. मी त्यांना नीट बघायला सांगितलं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी होती, बारीक टपोऱ्या अक्षरांची. कुठून आली, कुठे चालली. फक्त एकीला पट्टी नव्हती. ती वीतभर वायर हिरव्या दिव्याखालच्या एका तोंडातून निघत होती आणि वळून शेजारच्याच तोंडात शिरत होती. बाजूला द्रोणागिरीची खरी फायबर काढून गुंडाळून ठेवलेली होती.

“दिघेसाहेब, ह्याला काय म्हणतात?”

जयप्रकाशनी वाकून बघितलं. खेद व्यक्त करायला ते विसरले.

“लूप,” ते म्हणाले. “पण तो इथे कसा? तो द्रोणागिरीला...”

मग मी माझी बेरीज मांडली. परीक्षा पास झाली ती ह्या वायरीमुळे. सानपाड्याहून निघालेला प्रकाश शिरवण्यापर्यंत आला आणि इथूनच मागे फिरला. द्रोणागिरीला तो पोचलाच नाही. तिथला लाल दिवा तेच सांगतोय. पलीकडची फायबर अजून चालतच नसणार. म्हणून त्या दुपारी लूप लावणाऱ्या माणसाला द्रोणागिरीला जायची गरजच नव्हती. त्याला इथे, ह्या खोलीत यायचं होतं, आणि गाव हळदीला गेल्यामुळे बघायला कुणी नव्हतं. लूप लावल्याचा फोन कुणी केला, ते अख्ख्या ऑफिसला माहीत आहे.

“ऋषीनेही लावला असेल,” जयप्रकाश म्हणाले. सवय लवकर जात नाही.

“ज्याने बरण्यांना नावं दिली, त्याने ही वायर बिनपट्टीची ठेवली? आणि तो इथे पडल्यावर पार्थने द्रोणागिरीहून लूप लावल्याचं खोटं का सांगत राहावं?”

शेलारांनी खिशातून पाकीट काढलं. ऋषीच्या मुठीतलं रबरी टोपण. त्यांना ते औषधाच्या बाटलीचं वाटलं होतं. मी कपाटातल्या एका कोऱ्या वायरीकडे बोट दाखवलं. तिच्या दोन्ही टोकांवर तशीच टोपणं होती. वायर लावताना ती काढावी लागतात. काढून कुठे ठेवतात?

पार्थचा हात आपसूक छातीवरच्या खिशावर गेला, काळ्या दोऱ्यावर, आणि तिथेच राहिला.

“साहेब,” मी जयप्रकाशना म्हटलं, “मशिनला एकदा विचारा ना, पलीकडे कोण आहे.”

त्यांनी लॅपटॉपवर बटणं दाबली आणि पडदा आमच्याकडे वळवला. एकच शब्द. शिरवणे.

“बंद करा ते,” पार्थ म्हणाला.

तो तिथेच, कपाटाला पाठ टेकून खाली बसला. द्रोणागिरीच्या वाटेवरचे फायबरचे जोड त्याच्या हातून नीट झाले नव्हते. पुन्हा करायला वेळ हवा होता. दिघेसरांनी सांगितलं, आज कसंही करून हिरवं दिसलं पाहिजे. त्याने ठरवलं, आज परीक्षा पास करू, उद्यापासून जोड दुरुस्त करू. कुणाचं काय जातं. पण रजेवरच्या ऋषीला ऑफिसच्या मेसेजवरून परीक्षा चालू झाल्याचं कळलं आणि ते खरं वाटलं नाही. जे जोड काल मेले होते ते आज कसे बोलले? तो सरळ इथे आला आणि लूप त्याला दिसला. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता सानपाड्याला सांगतो. पार्थ तिथून निघून जायला लागला, तसा ऋषी त्याला अडवत जिन्यापर्यंत आला.

“मी ढकललं नाही,” पार्थ म्हणाला. “मी त्याचं मनगट पिरगाळलं, हात सोडवायला. त्याने माझा खिसा धरला होता. तो तोल सावरायला खिसा धरून राहिला, मॅडम. आणि खिसा फाटला.”

शेलारांनी विचारलं, मग कुणाला हाक मारलीस?

“डीजे चालू होता. कुणाला ऐकू गेलं नसतं.”

“मारलीस का?”

“नाही.”

लूप तसाच ठेवून तो पळाला, कारण परीक्षा अजून चालू होती. लूप काढला असता तर सानपाड्याचा पडदा लाल झाला असता आणि त्या घटकेला तो कुठे होता, ते कळलं असतं. संध्याकाळी येऊन काढू म्हणून तो गेला, आणि संध्याकाळी दाराला सील होतं. मोबाइलच्या टॉवरचा हिशेब नंतर आला, तोही हेच म्हणाला. आधी तो कुणी मागितलाच नव्हता, कारण हितेश हाताशी होता.

शेलारांनी फोटो काढून झाल्यावर जयप्रकाशना खूण केली. त्यांनी बिनपट्टीची वायर ओढून काढली. हिरवा दिवा विझला आणि त्या जागी लाल लागला.

दारातून सुमित्राबाई बघत होत्या. त्यांनी हात जोडले, कुणाला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

६. पुरी चौकशी

हितेश घरी आला. जयप्रकाशच्या नावे काय लिहायचं, ते कायद्याला नीट जमलं नाही. ‘कसंही करून’ हे कुठलं कलम नाही. माझ्या वहीत मात्र ते आहे.

प्रियाच्या वडिलांनी स्थळ पुन्हा उघडलं, पण ह्या वेळी माझ्याकडे प्रियाच आली. सरळ मुलगी. तिला एकच गोष्ट खटकत होती. तो जिन्याच्या टोकाला नुसता उभा का होता? माणूस खाली पडलाय, आणि हा बघत उभा?

हेच मी हितेशला विचारलं होतं. तो म्हणाला, “सकाळी मी बोललो ना त्याला, मर तिकडंच. नि वरून बगितला तं तो खरंच मेलेला. मला वाटलं मीच केलं. पाय उचललाच नाय.” पोलिसांना तू ‘मी काही केलं नाही’ असं ठासून का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, तर म्हणाला, खोटं कसं सांगू की मला तसं वाटलं नाय.

प्रियाने ऐकून घेतलं. हे तुम्ही कोणत्या बाजूला लिहिणार, तिने विचारलं. मी म्हटलं, ते तू लिही. ती उठताना म्हणाली, जमा.

भोप्यांनी मजला चढवायचं लग्नानंतरवर ढकललं. द्रोणागिरीच्या वाटेवरचे जोड कंपनीने दुसऱ्या माणसांकडून करून घेतले. मला त्यातलं काही कळलं नसतं, पण एका सकाळी सुमित्राबाईंचा फोन आला. आवाज अगदी खाली.

“बाई, दिवा परत हिरवा झालाय.”

मी सांगितलं की तिथे काम करणाऱ्यांना विचारा, पलीकडून काय नाव येतंय. त्या फोन चालूच ठेवून वर गेल्या असाव्यात. मला जिन्याच्या लोखंडाचा आवाज आला, मग मशिनांची गुणगुण, मग कुणाशी तरी बोलणं.

“द्रोणागिरी येतंय,” त्या म्हणाल्या. “त्यानंच भरलेलं नाव. त्याला कोनी हात नाय लावला, बोलतात.”

“म्हणजे बरोबर आहे, सुमित्राबाई. आता खरंच पलीकडून बोलतंय.”

गुणगुण ऐकू येत राहिली.

“हां,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हंजे इथं आता कोनी नाय.”

फोन ठेवायच्या आधी त्यांनी एवढंच सांगितलं की देवघराचं बटण आता अंधारातही हाताला बरोबर सापडतं, पण पट्टी त्या काढणार नाहीत.